हरेश्वरच्या हाताची मूठ

हरेश्वरच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसलो होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुमच्यासाठी काठी ठेवलीय. तुमालाच द्या म्हनून सांगून गेलेत." कोणती काठी, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या दोघांच्यात काठी एकच होती आणि तिच्यावरून मी एकदा असा काही शहाणपणा केला होता, की त्यापायी हरेश्वरची नोकरी गेली. सुनंदाच्या फोनला आता पाच आठवडे होतील. पालघरहून घिवलीला, त्याच्या गावी, जाऊन आलो, दहाव्यालाही गेलो, पण बोलायचं ते तिथे बोलून झालं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी मिरजेहून इकडे आलो. वय तेवीस, हुद्दा ड्राफ्ट्समनचा, आणि डोक्यात हवा फार. बोईसरला खोली घेतली होती, तिथून सायकलने साइटवर जायचो. नकाशा काढणाऱ्या माणसाला एक खोड लागते, कागदावर जे माप आहे तेच खरं असं त्याला वाटू लागतं. मला ती जरा जास्तच लागली होती. हरेश्वर त्याच साइटवर एका ठेकेदाराकडे खलाशी होता. जड यंत्रं दोरखंडांनी, कप्प्यांनी वर चढवायची, जागेवर बसवायची, हे खलाशांचं काम. घिवलीच्या होडीवर वाढलेला माणूस, दोराचं त्याला काय शिकवायचं! दुपारी जेवायला आम्ही एकाच झाडाखाली बसायचो. माझ्या डब्यात पोळी-भाजी, त्याच्या डब्यात भाकरी आणि सुके बोंबील. "भाऊ, खाऊन तर बग, मिरजेला कोन सांगाया जातंय?" असं म्हणत त्याने मला महिन्याभरात बाटवलं.

त्याचा डावा हात कायम पंच्यात गुंडाळलेला असायचा. घाम पुसायला ठेवलाय, असं तो सांगे. जेवताना एकदा पंचा सुटला तेव्हा मी पाहिलं, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही ताठ. पोरवयात होडीच्या नांगराच्या दोरात सापडली होती. वाकतच नव्हती. बरोबरच्या खलाशांना ते माहीत होतं, मुकादमालाही होतं, तो त्यांच्याच गावचा. पण ठेकेदाराचा इंजिनीअर कडक होता, आणि हात धड नसलेला माणूस त्याने उंचीवर एक दिवसही चढू दिला नसता. हात उघडा पडला की काम गेलं, इतकं साधं होतं ते. आणि काम हरेश्वरला हवं होतं. होडी थोरल्या भावाची होती, घरात तान्ही सुनंदा होती, आणि समुद्रावर जाणाऱ्या नवऱ्याची वाट बघणं त्याच्या बायकोला, यमुनावहिनींना, नको झालं होतं. "आता सांजच्याला घरी येतो तर ती हसते तरी," असं तो मला म्हणाला होता.

परदेशी इंजिनीअरांची वसाहत समुद्राकडच्या बाजूला होती. त्यांनी तिथल्या माळावर गवत कापून, चार-पाच खड्डे करून गोल्फ मांडला होता. त्यातला एक वयस्क, टकला, थॉमससाहेब. त्याचे चेंडू गवतात हरवायचे आणि ते सापडायचे एकट्या हरेश्वरला. समुद्रावर जाळ्याचं तरंगणारं बोयं लांबून हेरणारी ती नजर होती. काम सुटल्यावर तो साहेबाबरोबर माळभर फिरायचा, आणि पाहता पाहता स्वतःही मारायला शिकला. साहेबाने खुश होऊन त्याला आपली एक जुनी लोखंडी पात्याची काठी दिली. साहेबाने त्याचा हात पाहिला असणारच... पण कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

काठीच्या मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळलेली होती, साहेबाच्या पंज्याला साजेशी. खाऱ्या हवेत आणि घामात ती बुळबुळीत व्हायची, आणि हरेश्वरच्या तीन बोटांत काठी फिरायची. ही पट्टी काढून सूत बांधतो, असं त्याने मला सांगितलं तेव्हा मी उसळलोच. "अरे, कारखान्यातून आलेली वस्तू आहे ती. स्टँडर्ड आहे. हजारो लोकं त्याच मुठीने खेळतात."

"कारखान्याला माजा हात कुटं ठावूक हाय?" तो म्हणाला.

माझं न ऐकता त्याने पट्टी सोडवली, नीट घडी करून ठेवली आणि झाडाच्या सालीच्या पाण्यात तांबूस रंगवलेलं जाळ्याचं सूत मुठीवर बांधलं. पण बांधलं ते वल्ह्यावर बांधतात तसं, चांगलं जाडजूड. वल्ह्याला तसंच लागतं, मूठ जाड असली म्हणजे तासन्‌तास वल्हवलं तरी मनगट वळत नाही. गोल्फमध्ये मात्र मनगट वळावंच लागतं. त्याचा प्रत्येक चेंडू उजवीकडे पळायचा, थेट खाजणाच्या चिखलात. मी पोट धरून हसलो, आणि खरं सांगायचं तर मला मनातून फार बरं वाटलं. हरेश्वरने सगळं सूत उलगडलं आणि पातळ बांधायला घेतलं. चार वेळा बांधलं, चार वेळा सोडलं. शेवटी ताठ बोटांखाली दोन वेढे जास्तीचे देऊन त्याने अशी मूठ केली, की ती बोटं काठीच्या अंगाला सरळ टेकून राहायची. बघणाऱ्याला वाटावं, धरायची हीच रीत. चेंडूही सरळ जायला लागला. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं.

पण एका रविवारी वसाहतीत चहापान ठरलं. ठेकेदाराची माणसं येणार होती, आणि हरेश्वरने सगळ्यांना चेंडू मारून दाखवावा, असं थॉमससाहेबाने फर्मावलं होतं. मला घोर लागला तो भलताच. साहेबाने ती नवी मूठ अजून नीट पाहिली नव्हती; आपण दिलेल्या वस्तूची ही दशा बघून त्याला काय वाटेल? चारचौघांत त्याच्या भेटीचा अपमान नाही का? आदल्या दिवशी मी हरेश्वरच्या मागेच लागलो, जुनी पट्टी परत लाव म्हणून. तो म्हणाला, "माज्या मुठीनं खेळलो तर कुनाला हात कळनार नाय." मी म्हणालो, एका फटक्याचा तर प्रश्न आहे, कोण बघतंय तुझ्या बोटांकडे! त्याने सुताचं टोक सोडवायला घेतलं. "तू शिकलेला मानूस. तू म्हनतोस तर लावतो."

रविवारी त्याने पंचा सोडला, काठी उचलली आणि मारली. चेंडू जागेवरच राहिला आणि काठी हातातून सुटून गरगरत गेली ती चहाच्या टेबलावर. किटली फुटली. कुणाला लागलं नाही, आधी सगळे हसलेच. मग ठेकेदाराचा इंजिनीअर उठून त्याच्याजवळ गेला आणि हिंदीत म्हणाला, "मुट्ठी बंद करके दिखाओ." हरेश्वरने हात पुढे केला. तीन बोटं मिटली. सोमवारी हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं. थॉमससाहेबाने रदबदली केली, पण खलाशी ठेकेदाराचे होते. त्या इंजिनीअरचं चुकलं, असंही मला म्हणवत नाही. उंचीवरचं काम होतं, खाली माणसं असायची. चुकलं होतं ते माझं.

आठवडाभर मला घिवलीला जायचा धीर झाला नाही. गेलो तेव्हा तो अंगणात बसून वल्ह्याला सूत बांधत होता. भावाच्या होडीवर परत जायला लागला होता. यमुनावहिनींनी पाणी ठेवलं आणि पाठ फिरवून आत गेल्या. माफीची वाक्यं मी वाटेत जुळवून आणली होती. हरेश्वरने भिंतीला टेकवलेली गोल्फची काठी दाखवली आणि विचारलं, "आता तरी बांदू?"

त्या दिवशी मी सूत ताणून धरलं आणि त्याने मूठ बांधली. नंतर मायदेशी परतण्याआधी थॉमससाहेब मुद्दाम त्याच्या घरी आला होता. त्याने काठी हातात घेऊन बघितली, मूठ त्याच्या पंज्यात काही केल्या बसेना. मोठ्याने हसला आणि ती हरेश्वरच्या हातात परत देऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. अपमान वगैरे काही झाला नव्हता.

पुढे हरेश्वर समुद्रावरच राहिला. होडी त्याच्या वाट्याला आली, सुनंदाचं लग्न झालं, नातवंडं झाली. संध्याकाळी कधी लहर आली की ओहोटीच्या वाळूत तो ती काठी घेऊन चेंडू मारायचा. माझ्यावर त्याने कधी राग धरला नाही, फक्त एक सूड उगवला. मी पंखा घेतला, स्कूटर घेतली, अगदी कवळी बसवली, तरी तो गंभीर तोंड करून विचारायचा, "भाऊ, ष्टँडर्ड हाय ना?" यमुनावहिनीसुद्धा हसायच्या. त्या हसायला लागल्या तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

काठी आता माझ्या दाराशी उभी आहे. सूत घासून काळं पडलंय, पण दोन जागी ते अजून तांबूस आहे, जिथे त्याची ती दोन बोटं नुसती टेकलेली असायची. माझ्या हातात ती मूठ बसत नाही. मी रोज एकदा धरून बघतो... परवा पुण्याहून नात आली होती. तिच्या कंपनीतली मंडळी गोल्फ खेळतात, तीही शिकते आहे. काठी उलटसुलट करून बघत ती म्हणाली, "आजोबा, पातं अजून छान आहे. मूठ तेवढी बदलून आणते, पाच मिनिटांचं काम. स्टँडर्ड लावून देतील."

मी तिच्या हातातून काठी घेतली आणि परत दाराशी ठेवली. "नको," मी म्हणालो, "हिला स्टँडर्डच आहे."