लेकीच्या लेखावरची माझी सही

लेक गेली त्याला चार महिने झाले होते, तेव्हा सांगलीहून तिच्या कॉलेजातल्या बाई आमच्या वस्तीवर आल्या. मेंढरांच्या कुठल्या दुखण्याला आम्ही कुठला पाला देतो, यावर लेकीनं इंग्रजीत लेख लिहिला होता. परदेशातल्या एका मासिकानं तो छापायला घेतला, आणि पंधरा दिवसांत ती तापानं गेली. आता करारावर वारसाची सही पाहिजे होती. तिचं लग्न झालं नव्हतं. वारस मी, चौथी पास.

बाईंनी दोन कागद पुढं ठेवले. "आबा, हा खुला करार. लेखाचा हक्क तुमच्याकडं राहतो. कुणीही फुकट वाचेल, तिचं नाव देऊन भाषांतर करेल, वाटेल. लेख खुला ठेवायची फी असते, ती माफ करून घेतलीय मी. दुसऱ्यात सगळा हक्क मासिकाच्या कंपनीला लिहून द्यायचा, लेख बंद राहतो, पैसे भरणाऱ्यालाच वाचता येतो. तिला खुला हवा होता. मराठी करून मेंढपाळांच्या तळावर वाटायचा होता."

मी जन्म मेंढरामागं काढलेला. उन्हाळ्यात आष्ट्याकडं उतरायचं, पावसाळ्यात माघारी. खुलं रान मला ठाऊक होतं. चार कळप फिरले की मुळासकट साफ. राखण बसवलेल्या रानात मात्र गवत कमरेएवढं.

"माझ्या लेकीचं कुणीबी यावं आन् चरून जावं? न्हाई जमायचं बाई. कंपनी राखंल."

"वाचल्यानं लेख संपत नाही हो, आबा."

"आवं, त्या शिकलेल्या हायत, ऐका की," बायको म्हणाली. "का लेकीपेक्षा तुमास्नी जास्त कळतंय?"

त्या बोलण्यानं मी पेटलो. बंदवाल्या कागदावर सही ठोकली.

लेख छापून आला. बाईंनी प्रत आणली, तिच्या नावावर बोट ठेवून दाखवलं. मी म्हणालो, "आता मराठी करा. तळावर मी सोता वाटतो."

बाईंनी प्रत मिटून ठेवली. "कंपनीला विचारलं मी. मराठीत छापायला त्यांनी नकार दिलाय."

"पाला माजा, लेक माजी, आन् नकार त्यांचा?"

"पाला तुमचाच. कुणालाही सांगा. पण तिनं लिहिलेलं आता त्यांचं आहे."

पाला सांगायला मला लेख कशाला पाहिजे? आमच्या माणसांना तिचं लिहिणं कळायला पाहिजे होतं. एवढं एकच तिचं मागणं, तेच मी माझ्या हातानं लिहून दिलं.

मग बाई सोप्यात बसून एकेक ओळ तोंडी मराठीत सांगत गेल्या. एका ठिकाणी होतं, ही सगळी माहिती माझ्या वडिलांची आहे, मी फक्त लिहून काढली.

"परत सांगा," मी म्हणालो.

त्यांनी परत सांगितलं. ऐकायला बायको आणि मी, दोघंच.