हळदीच्या गोदामातलं वारं

दादा, वहिनी, मी सांगलीला निघाले तो दिवस तुम्हाला आठवतो तो वेगळा आणि मला आठवतो तो वेगळा. तुम्हाला वाटलं, पोरगी मॅट्रिक झाली, टेलिफोनच्या ऑफिसात लागली, आता हिची चैन आहे. पण बापूंनी मला नोकरीला पाठवलंच नव्हतं. त्यांनी मला ढोलापासून लांब पाठवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ती जत्रा. ढोल घुमायला लागले, आत्तीच्या अंगात देवीचं वारं आलं, तिनं केस सोडले, आणि तिच्यामागं उभ्या असलेल्या माझेही हात थरथरायला लागले. एका म्हातारीनं ते बरोबर पाहिलं. माझ्या कपाळाला हळदीचा भंडारा फासून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्तीमागं हीच गं बाई. देवीनं धरलं हिला."

आपली आत्ती, बापूंची धाकटी बहीण, कशी जगली ते आपण लहानपणापासून पाहत आलो. 'देवाच्या बाईला नांदवायचं कुणी' म्हणून नवऱ्यानं तिला परत आणून सोडली. मग कुणाचं मेंढरू हरवलं, कुणाच्या सुनेला दिवस जात नाहीत, सगळे तिच्या दारात. तिला ताप असला तरी उठून बसायला लागायचं. मला ते नको होतं. 

जत्रेनंतर महिन्याभरातच बापूंनी माझी ट्रंक फाट्यावर नेली. फौजेतनं आलेला माणूस, निरोपसुद्धा हुकमासारखा. "ढोल वाजतुया तितं हुबं ऱ्हायचं न्हाई. वरात आली तर गल्ली बदलायची. कळलं का?" अव्वा, आईच ती, पदरानं डोळे पुसत होती. आत्ती विहिरीच्या वाटेवर घागर घेऊन उभी होती. जवळ काही आली नाही.

हुकूम मी पाळला. लग्नसराईत तर रूमवर पोचायला मला अख्ख्या पेठेला वळसा पडायचा. गणपती विसर्जनाला सगळ्या मुलींना सुट्टी हवी असायची, मी आपण होऊन ड्यूटी मागायची. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, "नंबर प्लीज", "ट्रंक कॉल लागलाय, बोला". सुपरवायझर बाई माझं कौतुक करायच्या, काय कामसू मुलगी आहे म्हणून. बाहेरनं मिरवणूक जायची आणि मी टेबलाखाली पाय एकमेकांत घट्ट अडकवून बसायची.

माझी रूम पार्टनर कुसुम लोणंदची, रेल्वेवाल्याची मुलगी, तोंडाची फटकळ. इथल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या मुलानं कॉलेजातली पोरं जमवून बँड काढला होता. सीझन संपून गोदाम रिकामं झालं की रविवारी संध्याकाळी तिथं त्यांचा रॉकचा प्रोग्राम व्हायचा. कुसुम मला ओढतच घेऊन गेली. "आगं, गिटार हाय, ढोल न्हाई," म्हणाली. ती खोटं बोलली नाही. ड्रमला ती ढोल समजत नव्हती, एवढंच.

गोदामात पाऊल ठेवलं आणि हळदीचा वास आला. तिथंच मी परत फिरायला हवं होतं. पत्र्याचं छप्पर, भिंतीशी रिकामी पोती, समोर केस वाढवलेली, बेलबॉटम घातलेली चार पोरं. गिटारवाल्यानं तार छेडली ती कानात घुसली, आणि पाठोपाठ ड्रम वाजला तो थेट पोटात. पत्रे हादरायला लागले. आणि वरच्या वाशांवर वर्षानुवर्षं बसलेली हळद आमच्या डोक्यांवर पडायला लागली. मला ती हळद वाटलीच नाही. भंडारा उधळल्यासारखा तो पिवळा धुरळा खाली येत होता, आणि माझे दात वाजत होते. आता माझ्या गळ्यातनं आत्तीची किंकाळी निघणार, म्हणून मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

शेजारी पाहते तर कुसुमची वेणी सुटलेली, डोळे मिटलेले, मान गरागरा फिरतेय. हिलाच आलं! मी घाबरून खाली वाकले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि गावी विचारतात तसं विचारलं, "कोण आलंयस आई?"

"आगं मी कुसुम! येडी का खुळी तू?" ती किंचाळली आणि हसत सुटली. मला उठवून तिनं माझा हात धरला आणि नाचायलाच लागली. मग मीही हलले. खूप हलले. दादा, माझं सगळं अंग थरथरत होतं आणि कुणी माझ्या पाया पडलं नाही. कुणी मेंढरू हरवल्याचं सांगितलं नाही. प्रोग्राम संपला, टाळ्या झाल्या, आम्ही कपडे झटकले आणि खानावळीत जाऊन जेवलो.

त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. पण भीती गेली असं समजू नका. अजूनही पहिला ठोका पडला की मी कुसुमचा हात चाचपते.

पुढं दिवाळीला आले तेव्हा आत्तीला एकटी गाठून सगळं सांगितलं. तिला परत परत एकच विचारायचं होतं. "आन् थांबल्यावर? कुनी कायच इचारलं न्हाई?" मी नाही म्हटलं. मग म्हणाली, "मलाबी पयल्यांदा नुसतं नाचावंसंच वाटलं हुतं गं. लय ब्येस वाजवत हुते."

 मी म्हटलं, आत्ती, तू चल माझ्याबरोबर.

"मी कशी यिऊ? माजी जागा रिकामी झाली तर मानसं आपल्याच घरात दुसरी हुडकतील. मी हाय तवर तुज्याकडं कोन बगत न्हाई."

इतकी वर्षं मी समजत होते, मी पळाले म्हणून सुटले. मी सुटले ती आत्ती तिथं बसून राहिली म्हणून. आता घर म्हटलं की मला आपलं अंगण दिसत नाही, जत्रेतली आत्तीची ती एक जागा दिसते.

आत्तीनं अंथरूण धरलंय असं तुम्ही कळवलंत. त्यातच वहिनी, तू कौतुकानं सांगितलंस, तुमची सुमी बारा वर्षांची झाली, ढोल वाजला की लय झकास नाचते. तेव्हापासून मला झोप नाही. जत्रेच्या आधी मी येते आहे. सुमीला माझ्याबरोबर गाडीत बसवा.