विहीणबाईंचा वरचा कप्पा

माझ्या विहीणबाईंइतकं कडक सोवळं पाळणारी बाई प्लेनोत काय, अख्ख्या टेक्सासात आली नसेल. सुनेची आई म्हणून त्या वाईहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि आठवड्याभरात माझ्या मुलाच्या घराचा ताबा घेऊन बसल्या. अंडी गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये गेली. त्यांच्यामागोमाग कांदा-लसूण. स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा वरचा कप्पा देवाच्या दुधाचा आणि विरजणाचा. आंघोळ झाल्याशिवाय तिथे कोणी हात लावायचा नाही. शेजारची गोरी बाई केक घेऊन आली, तर त्यांनी दारातच तिला मराठीत विचारलं, "यात अंडं आहे का हो?" ती नुसती हसली. "हसली म्हणजे आहे," असं म्हणून त्यांनी केकही गॅरेजमध्ये पाठवला.

त्याच उन्हाळ्यात माझ्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. किडनी नीट काम करत नाही एवढं कळलं. का करत नाही, ते कळेना. भीतीने माझं जेवण तुटलं. डॉक्टरीणबाईंनी दिवसभराची लघवी साठवायला एक नारिंगी कॅन दिला आणि तो थंड ठेवायला सांगितला. मला तर लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगा म्हणाला, "आई, टेन्शन घेऊ नको. गॅरेजच्या फ्रिजमध्ये ठेवू."

"गॅरेजात?" विहीणबाई म्हणाल्या. "तिथे पोरं कोल्ड्रिंकसाठी सारखं दार उघडतात. सांडलं तर पुन्हा पहिल्यापासून." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने देवाचं दूध आणि विरजण नेऊन अंड्यांशेजारी ठेवलं, आणि माझा कॅन वरच्या कप्प्यात.

नात म्हणाली, "आजी, दॅट्स सो ग्रोस."

"गप गं. तुझ्या दुसऱ्या आजीचं आहे ते."

मी पुटपुटले, "अहो, पण तुमचं सोवळं..."

"ते माझं मी बघेन. तुम्ही पाणी प्या."

रिपोर्टच्या दिवशी त्याही आल्या. आणखी तपासण्या कराव्या लागतील, आज नक्की काही सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. विहीणबाई माझ्या मुलाला म्हणाल्या, "जावईबापू, त्यांना सांगा, लागलीच तर माझी एक घ्या." त्याने सांगितलं. तशी वेळ आलेली नाही, आणि आली तरी तुम्हाला डायबेटिस आहे, तुमची चालणार नाही, असं उत्तर आलं. हायवेवर घर येईपर्यंत त्या घुश्शात होत्या. "इतकी शाकाहारी किडनी, आणि नको म्हणतात." कित्येक दिवसांनी मी हसले.

इथल्या देवळात अजूनही कोणी त्यांची आठवण काढली, की एरवी तोंड न उघडणारी मी आपणहून सांगते, त्या माझ्या विहीणबाई.

सहा महिने भरले तशा त्या परत गेल्या. परवा पुन्हा माझं रक्त तपासलं. आकडा आहे तिथेच, दुखण्याला अजून नाव नाही. बघत राहू, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलाने फोनकार्ड खरडून वाईला फोन लावून दिला. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "मी येऊ का?"

"कशाला एवढ्या लांब," मी म्हटलं. "सगळे आहेत इथे."

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. या, एवढंच म्हणायचं होतं.