कापराच्या कारखान्यातल्या सुनीतीकाकू

सुनीतीकाकू कामावरून परतल्या की जिन्यात आधी कापराचा वास यायचा, आणि मागून काकू. ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती. बँकेने माझी नांदेडहून बदली केली तेव्हा बनारसमध्ये मराठी कानावर पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी काकू वर आल्या, माझ्या भांड्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "एवढीशी कढई? हिच्यात काय फक्त जिरं भूनणार का तू? खाली जेवत जा." त्या दिवसापासून मी खाली जेवू लागले.

त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं होतं आणि हिंदीही त्यात बरंच मिसळलेलं. "खिडकी खोल," म्हणायच्या, "घबरू नको" म्हणायच्या, आणि मधूनच असा एखादा शब्द वापरायच्या, जो मी माझ्या पणजीच्या तोंडून ऐकला होता. त्यांचे यजमान विश्वेश्वरकाका वेदपाठी घराण्यातले. पूजा, अनुष्ठानं, पाठ यांत त्यांचा दिवस जाई आणि घरी आले की ते फारसं बोलत नसत. बोलण्याचं सगळं खातं काकूंकडे होतं.

त्यांचा मुलगा निमिष नोकरीसाठी पुण्याला गेला आणि घर काकूंना खायला उठलं. संकठा घाटामागच्या गल्लीत कापराच्या वड्या बनवणारा एक लहानसा कारखाना होता. तिथे बायका हव्या आहेत असं कळल्यावर काकू एक दिवस सहज बघायला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. काकांनी मना केलं नाही. पण त्यांनी ते कुणाला सांगितलंही नाही. पुरोहिताची बायको कारखान्यात बसते हे त्यांच्या जिभेवर येत नसे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ती रोज देवीच्या दर्शनाला जाते." काकू हे मला सांगायच्या आणि पदराने डोळे पुसेपर्यंत हसायच्या. "बघ, माझ्याएवढी भक्त अख्ख्या काशीत नाही. सकाळी दहाला दर्शनाला बसते ती सहाला उठते."

एकदा त्या चष्मा घरी विसरल्या म्हणून मी तो द्यायला गेले होते. लांबट, बुटकी खोली. एका टोकाला वड्या दाबायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला सतरंजीवर बसून वड्या कागदात बांधणाऱ्या बायका. खिडक्या बंद आणि पंखाही बंद, कारण वारा लागला की कापूर उडून जातो आणि माल घटतो. दारात पाऊल टाकताच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. काकूंशेजारी बसणारी इंदू म्हणाली, "दीदी, पहिला महिना असंच होतं, मग नाक मरतं." संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं, कुणाकुणाला मळमळतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कापूर देवापुढे जळणारा, त्याने वाईट कसं होईल, असंच सगळ्यांना वाटायचं.

चैत्र नवरात्राच्या आधी मालाची मागणी वाढली आणि उन्हाळाही चढला. अशाच एका दुपारी काकू बोलता बोलता गप्प झाल्या. इंदूने नंतर मला सांगितलं, "काकी गप्प झाल्या तेव्हाच मी समजले, काही तरी गडबड आहे." त्यांनी मान एका बाजूला वळवली, अंग ताठ झालं आणि त्या सतरंजीवर आडव्या झाल्या. हातपाय झटके देऊ लागले. कुणी त्यांच्या हातात किल्ली कोंबली, कुणी कांदा आणायला धावलं, आणि एकीने तर शुद्धीवर याव्यात म्हणून मूठभर कापूरच त्यांच्या नाकाशी धरला. इंदूने तेवढं दार सताड उघडलं.

मी बँकेतून आले तेव्हा त्यांना घरी आणून निजवलं होतं. जीभ चावली गेली होती, त्यामुळे शब्द जाड येत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मी बेहोशीत काही भलतंसलतं बोलले का गं? सासूबाईंबद्दल वगैरे?"

"नाही काकू, इंदू म्हणाली एक शब्द नाही."

"मग ठीक आहे," म्हणून त्या झोपल्या.

काका घाबरले होते. त्यांना जे येत होतं ते सगळं त्यांनी केलं. दृष्ट काढली. कापूर आणि ओवा बांधलेली पुरचुंडी काकूंच्या गळ्यात घातली, कारण तिचा वास घेतला की डोकं साफ राहतं असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. खोबरेल तेलात कापूर विरघळवून रोज स्वतःच्या हाताने ते काकूंच्या डोक्याला आणि छातीला चोळलं. इतक्या वर्षांच्या संसारात काकांनी आपल्याला तेल लावलं नव्हतं, म्हणून काकूंनीही ते आनंदाने लावून घेतलं.

मग आम्ही तिघं मोठ्या इस्पितळात गेलो. मेंदूच्या विभागात डॉक्टर नीरजा म्हणून एक तरुण बाई होत्या. बोलणं हिंदीत झालं, मी ते मराठीत सांगते. त्यांनी सगळं विचारलं, पूर्वी कधी असं झालं का, डोक्याला मार लागला का, घराण्यात कुणाला आहे का. मग विचारलं, "काम काय करतात?"

"घर सांभाळते," काका म्हणाले.

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. काकू काही बोलल्या नाहीत, आणि नवराबायकोच्या मध्ये बोलायला मीही धजले नाही. डोक्याचा फोटो आणि मेंदूचा आलेख दोन्ही साफ आले. एकदाच झालंय, झोप नीट घ्या, पुन्हा झालं तर लगेच या, असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला परत पाठवलं. काकू पुन्हा कामावर जाऊ लागल्या, गळ्यात ती पुरचुंडी घालून.

महिनाभरात दुसरी फिट आली, तीही कारखान्यातच. या वेळी डॉक्टर नीरजांपुढे बसल्याबरोबर काकूंनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला, जसं काही त्यांना आधी माफी देऊन टाकली, आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेबा, मी मागच्या वेळी पूर्ण नाही सांगितलं. मी कापराच्या कारखान्यात बसते. दिवसभर. खिडक्या बंद असतात."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. गळ्यातली पुरचुंडी पाहिली. "यात काय आहे?" काकूंनी सांगितलं. तेलाचंही सांगितलं. काकांचा चेहरा उतरत गेला.

"कापराने फिट येऊ शकते," डॉक्टर म्हणाल्या. "पोटात गेला तर येते हे पक्कं माहीत आहे. लहान मुलं खातात आणि आमच्याकडे येतात. कातडीतूनही तो अंगात शिरतो. नुसत्या वासाने, हवेतून, किती होतं ते इतकं पक्कं नाही. पण बंद खोली, दिवसभर तेच, वरून तेल आणि ही पोटली, एवढं सगळं मिळून झालं असेल तर मला नवल वाटणार नाही."

"म्हणजे मला मिरगी नाही? कापूर सोडला की झालं?"

"ते आज नाही सांगता येणार. काही लोकांच्या मेंदूत मुळातच कल असतो. इतरांना ज्याने नुसतं डोकं दुखतं, त्याने त्यांना फिट येते. तुमच्यात तो कल आहे की सगळं कापराचंच आहे, ते काळच दाखवील. आत्ता कापूर पूर्ण बंद. गोळी सुरू. झोप पूर्ण. आणि नदीत एकटीने उतरायचं नाही."

घरी येताना काका गल्लीत आमच्या दहा पावलं मागे चालत होते. त्या संध्याकाळी त्यांनी घरातला सगळा कापूर शेजाऱ्यांना देऊन टाकला आणि तुपाच्या वातीवर आरती केली. त्यानंतर कितीतरी महिने मी पाहत होते, काकू जरा थांबल्या, एखादा शब्द आठवेना म्हणून अडल्या, की काकांचा हातातला घास तसाच राहायचा.

काकू मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या कारखान्यात गेल्या, पण उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. मालकाला म्हणाल्या, "सेठजी, आत नाही येत, डॉक्टरांनी मना केलंय. पण या पोरींचं डोकं रोज दुखतं ते काही देवाचं देणं नाही. हवा जायला रस्ता करा."

"माताजी, इतकी वर्षं कारखाना चालतोय, कुणाला काही झालं नाही. ही तुमची आपली बीमारी आहे."

"असेल. माझीच असेल. पण पंखा लावल्याने कुणाला बीमारी होत नाही ना?"

मालक हसून आत गेला. दुसऱ्या दिवशी इंदूने आपली सतरंजी उचलली आणि बाहेर चौकात मांडली. मग आणखी एकीने. आठवड्याभरात वड्या बांधण्याचं सगळं काम चौकात आलं, आणि माल उडतो म्हणून मालक डोकं धरून बसला. शेवटी त्याने भिंत फोडून हवा बाहेर ओढणारे दोन पंखे बसवले आणि यंत्राला झाकण करून घेतलं. इंदूची मळमळ थांबली. ती काकूंना हे सांगायला आली तेव्हा काकूंनी तिला शिरा खाऊ घातला आणि ती गेल्यावर बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिल्या. त्यांना त्या बायका हव्या होत्या. त्यांचं हसणं, भांडणं, टीव्हीवरच्या मालिकांच्या चर्चा, हे सगळं त्या वासासकट त्यांच्या हातून गेलं होतं.

त्यात आणखी शेजारणींचा कळवळा. "तुम्ही चुलीपाशी नका जाऊ हो," "जिना नका चढू." एका नातेवाईक बाईंनी तर काकूंच्या हातून चहाची कपबशी काढून घेतली. काकूंनी ती परत घेतली आणि म्हणाल्या, "मला फिट येते, हात तर आहेत ना." पण त्या रात्री जेवल्या नाहीत, हेही मला माहीत आहे. पुढे त्यांनी घाटावरच्या दोनचार बायकांना गोळा करून घरीच फुलवाती वळायला घेतल्या. घर पुन्हा आवाजाने भरलं आणि माझाही जीव भांड्यात पडला.

वर्ष उलटून गेलं. एकदाही फिट आली नाही. डॉक्टर गोळी कमी करण्याचं बोलू लागल्या होत्या, आणि कापूरच चोर होता हे घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात काकूंच्या पुतण्याची मुंज निघाली. घरात पाहुणे, दोन रात्रींचं जागरण, आणि त्या गडबडीत गोळ्या राहून गेल्या. मुंज पार पडल्यावर सकाळी चादरींच्या घड्या घालता घालता काकू कोसळल्या. या वेळी काकांनी काही चुकवलं नाही. कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी दिली, तोंडात काही घातलं नाही, आणि सगळ्यांना बाहेर घालवून त्यांच्याजवळ बसून राहिले. घरात कापराचा कणसुद्धा नव्हता.

डॉक्टर नीरजांनी सगळं ऐकून घेतलं. "मग कल तुमच्यातच आहे," त्या म्हणाल्या. "आता याला आपण मिरगीच म्हणू. गोळी आता बरीच वर्षं चालेल. पहिल्या दोन वेळा कापराने धक्का दिला असं मला अजूनही वाटतं, त्यामुळे तो वर्ज्यच. पण आजार कापराने दिलेला नाही."

काका खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे, डॉक्टर, मी तेल चोळलं, पोटली बांधली, त्याने हिला हे जन्माचं लागलं, असं नाही?"

"नाही, पंडितजी. तुम्ही दिलेलं नाही."

काका रडू लागले. वर्षभर ते काय घेऊन फिरत होते ते मला तेव्हा दिसलं. काकू माझ्याकडे वळल्या. "बघ मुक्ता. बायकोला जन्माची मिरगी निघाली आणि हे खूश." पण काकांचा हात त्यांनी घट्ट धरला होता, आणि बाहेर रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंनी जाहीर केलं की त्या निमिषकडे पुण्याला जाणार, आणि काकांची अनुष्ठानं चालू असल्याने एकट्याच जाणार. काका दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. मी सुट्टीवर निघाले होते, म्हणून त्याच गाडीचं तिकीट काढलं आणि तेव्हा कुठे ते बसले.

गाडी सुटली. डब्यात समोर एक मिर्झापूरचं जोडपं होतं, वरच्या बाकावर एक जवान, बाजूला कॉलेजच्या दोन मुली. काकूंनी पिशवी नीट लावली, पदर सारखा केला आणि सगळ्यांना उद्देशून हिंदीत म्हणाल्या, "ऐका बेटा, मला मिरगी आहे. बहुतेक काही होणार नाही, गोळी खाते मी. झालंच तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, चप्पल तर अजिबात हुंगवू नका. दोनचार मिनिटांत थांबतं. न थांबलं तर डॉक्टर बोलवा. आणि मी बेहोशीत काही बोलले तर पुण्यात माझ्या सुनेला सांगू नका."

मिर्झापूरच्या बाई हसल्या, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या भावाला पण आहे. आम्ही कोणाला सांगत नाही."

"का नाही सांगत?" काकूंनी विचारलं, आणि सरकून त्यांना आपल्याशेजारी जागा करून दिली. सतना येईपर्यंत त्या भावाची झोप, त्याच्या गोळ्या, तो कामाला कुठे बसतो आणि तिथे हवा कशी येते, हे सगळं काकूंनी विचारून झालं होतं. मी मध्ये पडले नाही. दुपारच्या जेवणाला आमच्या डब्यातल्या पुऱ्या तिकडे आणि त्यांचं लोणचं इकडे झालं. जेवून काकूंना डुलकी लागली, तेव्हा वरच्या जवानाने कुणी न सांगता आपल्या मोबाइलचा आवाज बंद केला.