नाही म्हणायचा सराव

कुसगावच्या हॉटेलात रिसेप्शनवर उभं राहून राहून मला दोन गोष्टी चांगल्या जमायला लागल्या होत्या : इंग्रजी आणि मान डोलावणं. परदेशातली हॉटेलची नोकरी इंग्रजीच्या परीक्षेवर अडली होती, पण त्यातल्या बोलायच्या भागाची मला काडीची चिंता नव्हती. उलट परीक्षकालाच चहा-कॉफी विचारून यावं, असा माझा बेत.

तळेगावच्या क्लासमध्ये सरांनी सराव परीक्षा घेतली, माझ्याच मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि एकट्यानं नीट ऐक म्हणून बजावलं. मी कसला ऐकतोय. कार्ल्याला घरी आलो, सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि आवाज मोठा केला. आईनं गॅस बंद केला. आबा, म्हणजे माझे वडील, भाताच्या खाचरातून तसेच चिखलाच्या पायांनी येऊन पायरीवर टेकले. अर्थ सांगायला कॉलेजात जाणारी बहीण.

नाव-गाव झकास झालं. मग सरांनी विचारलं, भातशेतीत आता काही उरलं नाही, जमिनी हॉटेलवाल्यांना विकून टाकाव्यात, असं लोक म्हणतात. तुझं काय मत? मोबाइलमधला मी गोड आवाजात म्हणालो, "ॲब्सोल्यूटली, सर. व्हेरी गुड आयडिया."

बहीण अडखळली. आबांनी तिला थांबू दिलं नाही. अर्थ कळल्यावर ते माझ्याकडे वळले. "म्हंजे गिऱ्हाईक बी बघून ठिवलंस व्हय?"

मोबाइल बंद करायचं मला सुचलंच नाही. पुढचा प्रश्न आला : म्हातारे आईबाप मुलांच्या प्रगतीच्या आड येतात का?

"सर्टनली, सर. माय प्लेझर."

तोंड माझं, आवाज माझा, आणि प्रश्न मात्र मी आज पहिल्यांदाच ऐकत होतो. गेस्टला कधी नाही म्हणायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकलेलं. खिडकीतून डोंगर दिसतो का? हो सर. भर मे महिन्यात धबधबा वाहतो का? हो मॅडम. तो होकार इतका मुरला होता, की कान मध्ये येतच नव्हते.

सरांना फोन केला. इंग्रजी बरं आहे, पण तुला स्वतःचं मतच नाही, असाच गेलास तर नापास, म्हणाले. परीक्षा आठवड्यावर.

मग आबांनीच सूत्रं हातात घेतली. रोज संध्याकाळी पायरीवर बसून ते काहीतरी भलतंच बोलायचे आणि मी इंग्रजीत ते खोडून काढायचं, कारणासकट. अर्थ सांगायला बहीण होतीच. पहिल्या दिवशी मी "शुअर, आबा" म्हणून मोकळा झालो. "मी बी गिऱ्हाईकच का?" आबा म्हणाले. हळूहळू जमायला लागलं. आईच्या कालवणाला जगात तोड नाही, हेही मी इतकं मुद्देसूद खोडलं, की त्या रात्री मला वाढायला कोणी उठलं नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आबा पायाचा वाळलेला चिखल काडीनं खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "नगं जाऊस. हितंच ऱ्हा."

"आय डिसॲग्री, आबा," मी ठणकावून म्हणालो आणि धडाधड दोन कारणंही दिली. मग बहिणीकडे बघितलं. ती अर्थ सांगत नव्हती. आबा तो विचारतही नव्हते.



"जमलं की तुला," आबा म्हणाले आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले.