शकीब आणि त्याचे पाच अँपिअर

माझा धाकटा भाऊ शकीब जन्मभर एकाच गोष्टीवर पहारा देत आला, जिन्यातल्या विजेच्या खटक्यावर. बैरुतमध्ये सरकारी वीज पाहुणीसारखी तोंड दाखवून जाते. बाकी सगळं गल्लीतल्या जनरेटरवर. आमच्या वाट्याला पाच अँपिअर, त्याहून जास्त ओढले की खटका पडतो आणि घर अंधारात. गीझर लावला की फ्रिज बंद, इस्त्री लावली की दोन्ही बंद, आणि मध्ये हा शहाणा आठ्या घालून उभा. बायकोला कधी सुखाने केस वाळवू दिले नाहीत. ती वैतागून माहेरी गेली तेव्हा म्हणाला, "चला, एक अँपिअर वाचला." त्या दिवसापासून त्याचं घर मी सांभाळते आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देते.

त्याची मुलगी लमीस कॉम्प्युटरवर घरांची चित्रं काढते. दुबईच्या एका ऑफिसने तिची परीक्षा घ्यायची ठरवली: रविवारी संध्याकाळी सहापर्यंत चित्रं पाठव, आवडली तर नोकरी तुझी. पोरीने शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून दणकट ग्राफिक कार्ड आणलं.

"आता जुना पॉवर सप्लाय पुरायचा नाही," ती म्हणाली. "साडेसातशे वॉटचा हवा."

शकीब ताडकन उठला. "साडेसातशे? म्हणजे साडेतीन अँपिअर गेले की! फ्रिज काय मेणबत्तीवर चालवू?"

"बाबा, तो तेवढी वीज ओढत नाही हो. कॉम्प्युटरला लागेल तेवढीच घेतो."

"मला शिकवतेस? मोठं तोंड, मोठी भूक! विजेचं मी बघतो, तू चित्रं बघ."

"अरे, पोरीचं ऐक जरा," मी म्हटलं.

"ताई, तू तुझे खिम्याचे कुब्बे वळ."

शनिवारी दुकानं बंद होता होता स्वारी कॉम्प्युटरवाल्या हागोपच्या दुकानातून आली. हातात साडेचारशे वॉटचा सप्लाय, दुकानातला सगळ्यांत लहान. वर जुनं कार्डही बदल्यात देऊन आलेला. रविवारी हागोप दुकान उघडत नाही. लमीसने खोक्यावरचा आकडा वाचला आणि तोच बसवला.

रविवारी चित्र तयार व्हायला लागलं, कार्डावर जोर आला की स्क्रीन काळी. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळी. पाचच्या सुमारास जळका वास सुटला आणि सप्लायने मान टाकली. फ्रिज गुरगुरत होता, दिवे लखलखत होते.

शकीब जिन्यात धावला आणि हसत परत आला. "बघितलंत? खटका जागच्या जागी! साडेसातशेचा आणला असता तर अख्खं घर अंधारात बसलं असतं."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

सहा वाजून गेले. लमीसने बॅग भरली, मला मिठी मारली आणि जिन्यात जाऊन खटका स्वतःच्या हाताने खाली पाडला. फ्रिज थांबला. अंधारात तिचा आवाज तेवढा आला.

"मी आईकडे चालले, बाबा. पाचही वाचले तुमचे."