ओळ नसलेला कांगा: अबुधाबी, अल ऐन, दुबई

या पोस्टमध्ये कापडाचा एकही फोटो नाही, हे आधीच सांगून टाकते. नेहमीचे वाचक कुरकुर करतील, कारण मी चहाच्या कपाचेसुद्धा चार फोटो टाकते. पण नितीनला शब्द दिलाय. नितीन माझा धाकटा भाऊ. अबुधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो आणि मुसाफ्फातल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. तो कित्येक वर्षं 'ये, ये' म्हणत होता आणि मी 'बघू' म्हणत होते. शेवटी मला तिकडे नेलं ते झवादीने, भावाने नाही. सगळी नावं बदललेली आहेत, आणि दुबईतल्या गॅलरीचं तर मी नावच घेणार नाही.

झवादी मोम्बासाची. आमचं इचलकरंजीत स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे आणि ती आमच्याकडून कांगे छापून घेते. कांगा म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या बायका कमरेला, खांद्यावर गुंडाळतात ते सुती कापड. ते न कापलेल्या जोडीने येतं. एक आपल्याला ठेवायचं, एक जिवाभावाच्या बाईला द्यायचं. खालच्या काठाजवळ एका चौकटीत एक ओळ छापलेली असते, आणि त्या ओळीला तिकडे कापडाचं नाव म्हणतात. सवतीला, सासूला, नवऱ्याला जे तोंडावर बोलता येत नाही ते बाई नेसून सांगते. मला हा प्रकार फार आवडला. आपल्याकडे असतं तर मी निदान चार नणंदा गप्प केल्या असत्या.

झवादी आणि तिची जोडीदार नीमा एकत्र राहतात. त्यांच्या गोतावळ्यात नाटकवाले, गाणारे, फोटो काढणारे आहेत, बहुतेक त्यांच्यासारखेच, म्हणजे बाईवर जीव असणाऱ्या बायका आणि पुरुषावर जीव असणारे पुरुष. एका मैत्रिणीचं नाटक लोकांनी बंद पाडलं, एका मित्राची फिल्म थिएटरात लागू दिली नाही. तेव्हा झवादी कांग्याकडे वळली. कापडाला सर्टिफिकेट लागत नाही, असं ती मला व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती. बाजारात बायका रंग बघून घेतात, घरी जाऊन ओळ वाचतात, आणि बऱ्याच जणी परत येऊन आणखी घेतात. मला पहिल्यांदा अर्थ कळले तेव्हा नवल वाटलं, मग सवय झाली. शेवटी रंग पक्का बसणं हे माझं काम.

या वेळची ओळ होती: 'या घरात बायका दोघी, पाहुणी एकही नाही.' नातेवाइकांपुढे, घरमालकापुढे, डॉक्टरपुढे नीमाची ओळख कायम 'पाहुणी' अशीच करून दिली जाते, आणि तिला त्याचा वीट आला होता. दुबईच्या गॅलरीतून प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा नीमाने एकच मागितलं. ही ओळ लोक उभं राहून वाचतील अशा ठिकाणी लाव. झवादीने तिला शब्द दिला, आणि मी कापड स्वतः घेऊन निघाले.

मुंबई ते अबुधाबी विमान तीन तासांचं. बॅग उघडायला लावली तर काय, अशी धाकधूक होती, पण अधिकाऱ्याने कापड चाचपलं आणि जा म्हणून हात केला. नोव्हेंबरात हवा सुरेख असते. जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा, इतर वेळी माणूस एसीतून एसीत पळतो. नितीनची बायको मुग्धा हिने पहिल्याच संध्याकाळी माझ्या बॅगेतला एक कांगा काढून सोफ्यावर टाकला. ते सॅम्पल होतं, न कापलेली जोडी. आमच्याकडे आधी सगळे रंग छापून गिऱ्हाइकाकडून शेड पास करून घेतात आणि काळी ओळ सगळ्यात शेवटी, वेगळ्या स्क्रीनने, म्हणजे जाळीच्या साच्याने छापतात. त्यामुळे सॅम्पलवर ओळ नव्हती, नुसती चौकट. नितीन त्याच्यावर बसून मॅच बघत होता.

दुसऱ्या दिवशी एकटीने दुबई गाठली. मुसाफ्फाकडून इंटरसिटी बस मिळते, पंचवीस दिरहम, म्हणजे सहाशे रुपये. एवढ्यात माझी कोल्हापूर-पुणे वारी होते, पण बस वेळेवर सुटते आणि कुणी कानाशी मोबाइल वाजवत नाही. पुढे मेट्रो आणि थोडी टॅक्सी. गॅलरी जुन्या गोदामांच्या भागात आहे. बाहेरच्या कॅफेटेरियात करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा, दीड दिरहमला मिळतो. चहा उत्तम, कप मात्र औषधाचा डोस घ्यावा एवढा.

झवादी दारातच उभी होती. उंच, डोक्याचे केस पार कापलेले, हसली की खांदे हलतात. मिठी मारून झाल्यावर तिने आधी कापड नाकाला लावून रंगाचा वास घेतला. ही सवय मला वाटायचं माझ्या एकटीचीच आहे.

गॅलरीची मॅनेजर दिल्लीची. भिंतीवर लावायच्या टिपणात झवादीने नीमाचं नाव आणि नातं सरळ लिहिलं होतं. ते आणि ओळीचं भाषांतर वाचून मॅनेजरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. टिपण काढावं लागेल, ओळही काढावी लागेल, बाकी कापड छान आहे, असं त्यांचं म्हणणं. काठ आतून दुमडून टाचला तर कुणाला कळणारही नाही. "मुझे अच्छा नहीं लग रहा," त्या म्हणाल्या, "पर लाइसेन्स मेरे नाम पे है, और मेरे स्टाफ का वीज़ा उसपे." मला संताप आला, पण त्या खोटं बोलत नव्हत्या. ओपनिंग रविवारी होतं, झवादीने तोपर्यंत वेळ मागितला. बाहेर आल्यावर ती चहाचा कप हातात तसाच धरून बसली. बाईंचं तिला काही वाटलं नव्हतं. नीमाला फोन कसा करायचा, हे तिला सुचत नव्हतं.

शनिवारी नितीनने अल ऐनला नेलं. ताईची मैत्रीण हॉटेलात एकटी कशाला, म्हणून मुग्धाने झवादीलाही बोलावलं. रस्ता सरळसोट, दीडेक तासाचा, दोन्ही बाजूंना वाळू. अर्ध्या वाटेत नितीनने इंग्रजीत, अगदी अगत्याने, तिच्या मिस्टरांची चौकशी केली.

"मिस्टर नाहीत," झवादी म्हणाली. "घरी नीमा आहे. आम्ही दोघी राहतो, बरीच वर्षं झाली."

नितीनने एसी वाढवला. मग पुन्हा कमी केला. मागच्या सीटवरून माझी भाची अन्वी म्हणाली, "बाबा, वॉच द रोड." मुग्धाने सगळ्यांना पोळीचे रोल वाटले आणि प्रश्न तिथेच मिटला.

अल ऐनचं ओॲसिस म्हणजे शहराच्या मधोमध खजुरांची मोठी बाग. तिकीट नाही. मातीच्या भिंतींमधून वाटा जातात आणि पाटाचं पाणी झाडाझाडाला फिरतं, आपल्याकडच्या बागायतीसारखंच. दुबईपेक्षा इथे मला श्वास घेतल्यासारखं वाटलं. पाटाच्या कडेला बसून झवादीने नीमाला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती आणि तीही स्वाहिलीत, पण फोन फार लांबला नाही.

"ठीक आहे म्हणाली," झवादीने सांगितलं. "तिला कुणी पाहुणी म्हटलं की ती याच आवाजात ठीक आहे म्हणते."

मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार? थोड्या वेळाने तिने विचारलं, शेड पास करायला आणलेलं सॅम्पल कुठाय? मी म्हटलं, सोफ्यावर, नितीनच्या खाली. ती हसली, खांदे हलले, आणि मग एकदम गंभीर झाली.

"काठ दुमडला तर ते मी लपवल्यासारखं होईल," ती म्हणाली. "चौकट रिकामी दिसली तर कुणीतरी काढून घेतलंय, हे कळेल. निदान आमच्याकडच्या माणसाला तरी कळेल."

घरी परतल्यावर मुग्धाने सॅम्पल इस्त्री करून दिलं. नितीन मात्र बाल्कनीत बोलावून म्हणाला, "ताई, तुझं ठीक आहे, तू परत जाशील. आमचा व्हिसा इथे आहे, अन्वीची स्कूल इथे आहे. एक फोटो कुठे फॉरवर्ड झाला ना, खलास." मी चिडून म्हटलं की ओपनिंगला मी जाणारच. त्यावर तो म्हणाला, "जा ना. जाऊ नको कुठे म्हणतोय? फोटो नको म्हणतोय. आणि बसने नको, मी सोडतो." तेव्हा दिलेला हा शब्द.

मॅनेजरबाईंनी रिकाम्या चौकटीला लगेच होकार दिला. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. रविवारी संध्याकाळी कापड भिंतीवर लागलं, जांभळं आणि पिवळं, न कापलेली जोडी, आणि दोन्हींच्या काठाला एकेक कोरी चौकट. शेजारी फक्त कलाकाराचं नाव, सूत, रंग. लोक हातात ग्लास घेऊन येत होते, मान तिरपी करत होते. सोडायला आलेला नितीनही मागच्या भिंतीला टेकून उभा होता. एका गृहस्थांनी मला 'अवकाशाचा वापर' या विषयावर बरंच ऐकवलं. मी इचलकरंजीहून आलेय म्हटल्यावर ते थांबले.

मग कॉफीच्या काउंटरवरची मुलगी रिकामे कप उचलायला आली. तिला आपण एस्थर म्हणू. केनियाची, काळा एप्रन, हातात ट्रे. ती कापडापुढे थांबली, खाली वाकली, चौकटीवरून नजर फिरवली आणि झवादीला स्वाहिलीत काहीतरी म्हणाली. काय बोलणं झालं ते झवादीने मला नंतर शब्दशः सांगितलं.

"याचं नाव कुठंय?"

"काढायला लावलं."

"काय होतं?"

झवादीने ओळ म्हणून दाखवली. एस्थरने ट्रे खाली ठेवला. ती न हसता आतल्या दाराने निघून गेली. मला वाटलं, संपलं. आता ही तक्रार करणार, गॅलरी बंद होणार, नितीनचं म्हणणं खरं ठरणार. पण ती दोघांना घेऊन परत आली, एक गार्ड आणि एक सफाईवाली बाई, दोघेही तिच्याकडचेच. झवादीला पुन्हा म्हणायला लावलं. गार्ड तोंड वाकडं करून निघून गेला. बाई काहीतरी पुटपुटली आणि तीही गेली. एस्थर उभीच राहिली. नाव असलेलं कापड कुठे मिळेल, असं तिने विचारलं. झवादी म्हणाली, इथे नाही. मोम्बासाला, आमच्या घरी. मी नसले तर नीमाकडे माग. एस्थर जानेवारीत सुट्टीवर घरी जाणार होती.

मॅनेजरबाई लांबून बघत होत्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं, कापड कुठे मिळतं विचारतेय. ते खरंच होतं.

परतीच्या वाटेवर नितीन दुबईच्या वेशीवरच्या जेबेल अलीपर्यंत रेडिओची स्टेशनं बदलत राहिला. मग म्हणाला, "मला एका माणसाने विचारलं, हा बॉक्स रिकामा का ठेवलाय. मी म्हटलं, नो आयडिया." थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "माहिती होतं ना मला." त्याला तिथे राहायचंय, मला नाही, हे त्याचं म्हणणं मला पटलं होतं आणि तरी वाईट वाटत होतं.

घरी येऊन आता बरेच महिने झाले. खजूर संपले, मुग्धाने दिलेली कॉफी कुणालाच आवडली नाही. काम झालं की आमच्याकडे स्क्रीन धुऊन दुसऱ्या डिझाइनला वापरतात. त्या ओळीची स्क्रीन मात्र मी धुऊ दिलेली नाही, कारखान्यात खिळ्याला टांगलीय. कामगार विचारतात, मी ऑर्डर यायचीय म्हणते. अमिरातीत जा, अल ऐन चुकवू नका, करक प्या. तिथल्या भिंतीवर काय लावता येतं आणि काय नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे तरी सगळं कुठे लावता येतं?

फेब्रुवारीत झवादीचा व्हॉइस मेसेज आला. एस्थर खरंच गेली होती. झवादी तेव्हा बाहेरगावी होती. एस्थरला गल्ली सापडेना, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात तिने घर विचारलं. दुकानदाराने काही न विचारता निळं दार दाखवलं. नीमाने दार उघडलं, कापड दिलं, चहा केला, आणि मग समोर बसून विचारलं की दुकानात तू नेमकं काय म्हणालीस.

"म्हटलं, झवादी आणि नीमाचं घर कुठलं?"

नीमाने तिला ते, दोन्ही नावांसकट, पुन्हा सांगायला लावलं.